गाव बघायला कोणत्या रस्त्याने जायचं?

(समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातले काही मराठी विद्यार्थी अभ्यासदौऱ्यावर तंजावरला आले होते. गावांत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यासमोर केलेलं हे भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सकाळपासून तुम्ही तंजावर शहर फिरताय. सरस्वती महालातले मोडी कागद पाहिलेत. मोठ्या देवळाच्या आवारात भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास पाहिलात. सरफोजीराजांच्या काळातला, १८०३ सालचा, अख्खा मराठीत. मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "ताई, इथं तर आपलंच राज्य होतं." होतं, १६७६ पासून १८५५ पर्यंत. पण त्यातल्या 'आपलं' या शब्दापाशी मी जरा अडते. त्याच्याकडे नंतर येईन, आधी उद्याचं बोलू.

तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत उद्याच्या रकान्यात छापलंय, 'पारंपरिक खेड्याला भेट'. खेडं म्हणजे त्यातला नक्की कुठला भाग? पारंपरिक कुणाच्या लेखी? आणि भेट म्हणायची तर समोरच्यानं या म्हटलेलं असावं लागतं, नाहीतर ती पाहणी होते. तहसीलदार करतात तशी.

कावेरीच्या खोऱ्यातलं गाव एका नजरेत दिसत नाही. अग्रहार वेगळा: समोरासमोर घरांची सरळ रांग, ओटे, टोकाला देऊळ. त्याच्या पलीकडे बिगरब्राह्मण शेतकरी आणि कारागीर जातींच्या गल्ल्या. आणि मग मध्ये भातखाचरं सोडून, बांधावरून चालत गेलं की चेरी, म्हणजे पळ्ळर आणि परैयर लोकांची वस्ती. सरकारी कागदावर या सगळ्याचं नाव एकच. पण तुम्ही कुणाला "गाव कुठंय?" विचारलंत की हात अग्रहाराकडे नाहीतर देवळाकडे होतो. चेरीत राहणारी म्हातारी माणसंसुद्धा "गावात जाऊन येते" म्हणतात. आपल्याकडे महारवाड्यातला माणूस "गावात जातो" म्हणायचा, तसंच. म्हणजे तो गावात राहत नाही, हे भाषेनेच कबूल केलेलं.

डांबरी रस्ता, बस, पर्यटकांची गाडी या सगळ्यांचं तोंड आधी अग्रहाराकडे. हल्ली कुंभकोणमच्या बाजूला जुनी ओट्याची घरं डागडुजी करून पाहुण्यांना राहायला देतात. पितळी लोट्यात कॉफी, दारात कोलम, संध्याकाळी देवळातला नादस्वरम. पाहुणा खूश होऊन जातो आणि सांगतो की मी खरं तमिळ खेडं पाहिलं. त्यानं एक गल्ली पाहिलेली असते.

पर्यटकाला हसणं सोपं आहे. आपल्या विद्येचं काय?

तुमच्या अभ्यासक्रमात आंद्रे बेतेई आहेत. 'कास्ट, क्लास अँड पॉवर', १९६५. तंजावर जिल्ह्यातल्या एका गावाला 'श्रीपुरम' हे नाव देऊन केलेला अभ्यास. पुस्तक मोलाचं आहे. जात, वर्ग आणि सत्ता या तीन गोष्टी एकमेकींपासून कशा सुटत चालल्यात हे त्यांनी ज्या बारकाईने मांडलं, ती बारकाई तुमच्या-माझ्या प्रबंधात आली तर आपण नशीबवान. पण मी एम.ए.ला असताना त्या पुस्तकातली एक गोष्ट वर्गात कुणी बोललं नाही. बेतेई राहिले होते अग्रहारात, ब्राह्मणाच्या घरात. तिथे बिगरब्राह्मणाला बिऱ्हाड मिळणं शक्यच नव्हतं. गावाने त्यांना ब्राह्मणांत धरलं म्हणून ते राहू शकले. ब्राह्मणांविषयी आपल्याकडे जेवढी माहिती आहे तेवढी इतरांविषयी नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हा त्यांचा प्रामाणिकपणा. माझी तक्रार नंतरच्या वाचणाऱ्यांबद्दल आहे. प्रस्तावनेतलं ते वाक्य आपण ओलांडून जातो आणि पुढची पानं 'गावाबद्दल' म्हणून वाचतो.

त्यांच्या आधी दहा वर्षं, १९५१ ते ५३ मध्ये, कॅथलीन गॉफ नावाची इंग्रज बाई याच जिल्ह्यात राहून गेली. तिने चेरीतल्या माणसांची मजुरी, कर्ज, पूर्वीची गुलामी यांचा हिशेब मांडला. तिच्या कामावरचं मोठं पुस्तक यायला १९८१ उजाडलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जिल्हा एकच, पण कोण कुठे बसून बघतंय त्यानुसार पानांची वाटणी बदलते.

आता एक जुनी नोंद सांगते, कारण ती आपल्या घरची आहे. १९०६ साली हेमिंग्वे नावाच्या अधिकाऱ्याने तंजावर जिल्ह्याचं गॅझेटियर तयार केलं. त्यात त्याने लिहिलं की इथले परैयर, पळ्ळर, चक्किलियर आपल्या वस्तीत ब्राह्मणाला येऊ देत नाहीत. तो आला तर आपलं वाईट होईल असं ते मानतात. गॅझेटियरवाल्यांच्या लेखी ही एक गमतीदार रीत. ती वाचून पुढचं पान उलटायचं. बाबासाहेबांनी पान उलटलं नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी ही तंजावरची नोंद घेतली, शेजारी म्हैसूर मुलखातल्या होलेयांची तशीच नोंद ठेवली आणि विचारलं: अस्पृश्य जर फक्त अपवित्र, ब्राह्मण जर फक्त पवित्र, तर मग अस्पृश्याला ब्राह्मण अशुभ का वाटावा? तिरस्कार दोन्ही बाजूंनी होता, आणि त्याच्या मुळाशी काहीतरी जुनं वैर असणार. तिथून ते बौद्ध धम्मापर्यंत जातात. तो सिद्धांत तुम्हाला ठाऊक आहे, वाद घालायचा तर जरूर घाला. मला आज फक्त पद्धत दाखवायची आहे. ते तंजावरच्या कुठल्याही चेरीत मुक्कामाला राहिले नव्हते. तरी एका साहेबाच्या गॅझेटियरमधल्या वाक्याकडे त्यांनी चेरीच्या बाजूने पाहिलं.

इथे एक सावधगिरी. एका अग्रहारातल्या निवृत्त गृहस्थांनी मला हीच रीत अगदी उत्साहाने सांगितली होती. म्हणाले, "बघा, तेही आम्हाला येऊ देत नव्हते. दोन्हीकडून होतं." नाही, दोन्हीकडून सारखं नव्हतं. चेरीने ब्राह्मणाला अडवलं तर त्याचं काय बिघडत होतं? जमीन त्याची, भात त्याचं. अग्रहाराने चेरीला अडवलं की पाणी, रस्ता, देऊळ, शाळा सगळंच अडायचं. तरीसुद्धा त्या मनाईला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. ज्यांच्याकडे स्वतःचं म्हणायला बोटभर जमीन नव्हती, त्यांनी एक हद्द आखली होती आणि ती पाळायला लावली होती.

आता 'आपलं राज्य'. तंजावरच्या जुन्या महसुली कागदात एक शब्द सारखा भेटतो, मिरासदार. तुम्हाला तो भाषांतराशिवाय कळतो. गावच्या जमिनीत वंशपरंपरेचा वाटा असलेला माणूस. इथला मिरासदार पुष्कळदा ब्राह्मण, म्हणजे नांगराला हात न लावणारा. मग चिखलात कोण उभं राहायचं? पण्णैयाळ. मालकाच्या शेताला बांधलेला गडी, बायकोपोरांसकट. बहुतेक पळ्ळर नाहीतर परैयर. १६९३ मध्ये शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, तिरुविसनल्लूर गाव चाळीसहून जास्त पंडितांना अग्रहार म्हणून दिलं आणि त्याला शाहजीराजपुरम हे नाव पडलं. विद्येला राजाश्रय म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, आणि त्या पंडितांचे ग्रंथ मोठे होते यात शंका नाही. पण पंडितांना गाव दिलं म्हणजे गावचं पीक दिलं, आणि पीक आकाशातून पडत नाही. १८४३ मध्ये कंपनी सरकारने कायद्याने गुलामी अमान्य केली. त्यानंतर शंभरावर वर्षं गेली, आणि १९५२ मध्ये मद्रास सरकारला खास तंजावरसाठी कुळांच्या आणि पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. खास तंजावरसाठी, हे लक्षात ठेवा.

मी लातूर जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यातून आले. मराठी माझी आहे, ती कुणी मला दिलेली नाही. पण ते राज्य माझं होतं असं म्हणायला जीभ वळत नाही. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात शहरातल्या एका मराठी कुटुंबात गेले होते. तीनशे वर्षं जपलेलं त्यांचं मराठी ऐकून मला भरून आलं. आजोबा खूश झाले, कॉफी आली, मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून कळेना, म्हणून गाव, मग देव विचारला. मी म्हटलं, आम्ही बौद्ध. बोलणं संपेपर्यंत त्यांची अदब तसूभरही कमी झाली नाही. पुढच्या रविवारचं जेवण मात्र राहून गेलं, ते अजून राहिलेलंच आहे.

आपल्याकडे गावात येणाऱ्या परक्याला पहिला कोण भेटायचा? वेसकर. वेशीवरचा महार. कोण आला, कुठून आला, कुणाकडे जायचंय हे तो विचारायचा, वाट दाखवायचा, साहेबाचं सामान डोक्यावर घ्यायचा. गावाची खडान्‌खडा माहिती त्याला. पण पाहुणा उतरायचा चावडीवर नाहीतर पाटलाच्या वाड्यात, आणि गावाचा वृत्तांत लिहायचा तो तिथे ऐकलेला. वाट दाखवणाऱ्याला माहिती कुणी विचारली नाही. मी शाळेत असताना शहरातल्या कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर आमच्या गावात आलं होतं. मुलं-मुली सात दिवस होती. जेवण सरपंचाकडे, सभा मारुतीच्या पारावर. आमच्या वाड्यात ती आली एकदाच, स्वच्छतेचं महत्त्व सांगायला.

म्हणून घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब खेड्याच्या गोडव्यांवर का तुटून पडले, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

बाहेरून येऊन चेरीत गेलेलीही माणसं या जिल्ह्यात झाली, त्यांच्याबद्दल बोलायला हवं. बी. श्रीनिवास राव, कन्नड मुलखातले, जन्माने ब्राह्मण, कम्युनिस्ट. १९४३ च्या सुमारास पूर्व तंजावरात आले आणि चेऱ्यांमध्ये राहून संघटना बांधू लागले. त्या काळी कामात कसूर झाली की गड्याला दोन शिक्षा ठरलेल्या: चाबूक, आणि शेणाचं पाणी पाजणं. त्यांच्याविरुद्ध माणसं उभी राहिली. आणि मणलूर मणियम्मै: जमीनदार ब्राह्मण घरातली विधवा बाई, ती अग्रहार सोडून शेतमजुरांच्या लढ्यात आली. राजम कृष्णन यांनी तिच्यावर तमिळमध्ये कादंबरी लिहिली आहे. आपल्या चळवळीत अशा नावांबद्दल एक अवघडलेपण असतं, सवर्ण नेतृत्व म्हणून. तो प्रश्न बरोबर आहे आणि मी तो सोडणार नाही. पण चेरीतल्या म्हाताऱ्या बायका श्रीनिवास रावांचं नाव काढतात तेव्हा त्यांच्या आवाजात काय असतं ते मी ऐकलंय, आणि माझ्या सिद्धांतासाठी ते पुसायचा मला अधिकार नाही.

याच पूर्व तंजावरात कीळवेण्मणी आहे, आता नागपट्टिनम जिल्ह्यात. मजुरीत अर्धं माप भात वाढवून मागितलं, लाल झेंडा सोडायला नकार दिला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी चेरीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका लहानशा झोपडीत शिरलेल्या ४४ जणांना जाळून मारलं. बायका, मुलं, म्हातारे. सगळे दलित. तारीख तुम्हाला ओळखीची वाटली असेल. १९२७ च्या २५ डिसेंबरलाच महाडला मनुस्मृती जाळली होती.

खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या, उच्च न्यायालयाने जमीनदारांना सोडलं. मोटारगाडी बाळगणारी, एवढी मोठी माणसं स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील, हे न्यायालयाला पटण्यासारखं वाटलं नाही. मला हे नेहमी हेमिंग्वेच्या नोंदीशेजारी ठेवून वाचावंसं वाटतं. मालक चेरीत पाय ठेवत नाही, अशी गावाची रीत. न्यायालयाने गाव पाहिलं तेही मोठ्या रस्त्यावरून, आणि ती रीत मालकांच्या बाजूची साक्ष झाली.

दर २५ डिसेंबरला तिथे मोठा मेळावा होतो. मी एका वर्षी गेले होते. भाषणांमध्ये 'शेतमजूर' शब्द मी मोजायचा सोडून दिला. जातीचं नाव क्वचित. मेलेली माणसं शेतमजूर म्हणून लढली हे खरं, पण जाळलेली झोपडी चेरीतली होती. यातली एक ओळ खोडून दुसरी लिहिणाऱ्यांवर, मग ते कुठल्याही रंगाचा झेंडा धरोत, माझा विश्वास बसत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही, म्हणून थोडं लांब जाते. मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास नावाचा डोंगराळ मुलूख आहे, माया लोकांच्या खेड्यांचा. मी तिथे गेलेले नाही, वाचलेलं सांगते. १९५७ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या इव्हॉन व्होग्ट यांनी तिथल्या सिनाकान्तान गावाचा अभ्यास सुरू केला; वीसेक वर्षं विद्यार्थ्यांच्या तुकड्या येत राहिल्या. देवविधी, नवस, नात्यांची रचना यांवर ग्रंथांची रांग लागली. नंतर टीका झाली की त्या डोंगरातली माणसं दूरच्या कॉफीच्या मळ्यांवर राबत होती, ते या 'पारंपरिक' चित्रात फार थोडं आलं. जवळच्या सान क्रिस्तोबाल शहरात गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत माया माणसाने फुटपाथवरून चालायचं नाही, खाली उतरायचं, अशी रीत होती. अग्रहाराच्या गल्लीची आठवण झाली ना? आणि मग १ जानेवारी १९९४ ला त्याच डोंगरांतून झापातिस्तांचा उठाव झाला. त्यानंतर त्यांच्या ओवेन्तिकसारख्या ठिकाणी गेलं तर फाटकावर थांबावं लागायचं. तोंड झाकलेली माणसं विचारायची: कोण, कुठून, कशाला? मग ते आत सोडायचे, किंवा सोडायचे नाहीत. शेजारच्या चामुला गावात चर्चमध्ये फोटो काढायला सक्त मनाई. प्रवासवर्णनं लिहिणारे यावर रुसतात. मला त्यात वेसकर दिसतो, पण या वेळी त्याच्या हातात अडसर आहे.

माझ्या कामाचं सांगते आणि थांबते. माझा विषय शेतमजूर बायका. ज्या चेरीत मी काम करते तिथे पहिल्या दिवशी एका आजीने विचारलं, "नींग एन्न आळुंग?" तुम्ही कोणती माणसं? जात विचारायची ही इथली रीत. तंजावर शहरात हाच प्रश्न आडनावाचा पदर घेऊन आला होता, इथे उघडा आला. गल्लीच्या तोंडाशी निळ्या कोटातले बाबासाहेब होते, मी तिकडे हात केला. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो फोटो तर येणारे सगळेच दाखवतात." मग सांगितलं की आधी एकजण आला होता, तीन दिवस राहिला. काय खाता, कुठला देव, लग्न कसं लावता, सगळं विचारलं. मजुरी किती ते विचारलं नाही. फोटो काढले, पुन्हा आला नाही. "आता नडवु चालू आहे," म्हणजे भातलावणी, "वेळ नाही. संपल्यावर ये."

मी लावणी संपल्यावर गेले. मग बायकांनी अट घातली, जे लिहिशील ते तमिळमध्ये वाचून दाखवायचं. माझं तमिळ अजून लंगडतं, तरी दर दोन-तीन महिन्यांनी झाडाखाली बसून वाचते. त्यांनी एका घराच्या कर्जाचा तपशील काढायला लावला. पोरीचं लग्न ठरत होतं. आणि एक गोष्ट घालायला लावली, जी माझ्या प्रश्नावलीत नव्हती: स्मशानाचा रस्ता. चेरीच्या स्मशानाकडे जायला वाट नाही. सांबा पीक उभं असताना कुणी गेलं तर प्रेत खांद्यावर घेऊन बांधावरून, कधी गुडघाभर पाण्यातून न्यावं लागतं, आणि रोपं तुडवली म्हणून मालकाचं ऐकून घ्यावं लागतं. एक बाई म्हणाली, "आमची मजुरी बदलेल, सरकार बदलेल. हे आधी लिही." माझ्या प्रबंधात आता त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. माझ्या मार्गदर्शकांना ते विषयाबाहेरचं वाटतं, त्यावर आमची चर्चा चालू आहे.

तर उद्याचं. सकाळी तुम्ही देऊळ आणि अग्रहार पाहणार आहात, जरूर पाहा. ओट्यांची, लाकडी खांबांची मोजमापं घ्या, तिथल्या लोकांशी बोला, घर कुणी बांधलं, जमीन किती होती, आता कुणाकडे आहे ते विचारा. नुसती कॉफी पिऊन येऊ नका. चेरीत दुपारी जायचं, कारण बायका कामावरून तीनच्या सुमारास परततात. कॅमेरे इथे खोलीत ठेवा. वह्या न्या, पण विचारल्याशिवाय उघडू नका. कुणी 'कोणती माणसं' विचारलं तर खरं सांगायचं. सवर्ण असाल तरी खरंच सांगायचं, ओशाळून भाषण देत बसायचं नाही. पाणी, चहा जे देतील ते घ्या, आपल्या बाटल्या बाहेर काढू नका. आणि त्या तुम्हाला प्रश्न विचारणार आहेत, मी त्यांना तसं सांगितलंय. तुमच्याकडे भातलावणीची मजुरी किती, बाईला किती, पुरुषाला किती, हे आज रात्री घरी फोन करून विचारून ठेवा.

बस दोन वाजता निघेल. ती अग्रहारापर्यंत जाणार नाही, मोठ्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी उतरायचं. तिथे आजी आपल्याला घ्यायला येतील. त्या येईपर्यंत कुणी बांधावर पाय ठेवायचा नाही.

जय भीम.